खऱ्या वाक्यांचा वर्ग

रविवार, १२ तारीख

प्रिय दादा,

नमस्कार. तुम्ही सगळे मजेत असाल. वहिनीचा खोकला गेला का? पोरं तिथल्या शाळेत रुळली हे कळल्यावर जीव भांड्यात पडला.

आमचं ठीक चाललंय. माझा संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग जोरात आहे. शिंपीणबाई, बेकरीवाले काका, दोन नर्सा, एक ट्रकड्रायव्हर. सगळ्यांना परदेशी जायचंय, तुझ्यासारखं. सध्या 'किती वेळ'ची वाक्यं चालू आहेत. कुठलं क्रियापद तासभर चालतं आणि कुठलं नाही, यावर रोज जुंपते. वाट पाहणं तासभर चालतं, झोपणं चालतं. पोचणं मात्र चालत नाही, माणूस एकदम पोचतो. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, एकदा माझ्या ट्रकमध्ये बसा. मी दोन-दोन दिवस नुसता पोचतच असतो." हसून हसून पुरेवाट झाली.

माझा जुना नियम तुला ठाऊक आहे. वाक्य खरं हवं, आपापल्या घरातलं. नियम माझा, म्हणून सुरुवातही मलाच करावी लागते. त्यामुळे आपल्या घरात काय चाललंय ते वर्गात सगळ्यांना माहीत आहे. फक्त तुला नाही.

दादा, तू फोन केलास की मी म्हणते, बाबा आत्ताच झोपले. ते झोपलेले नसतात. त्यांची वाचा गेली आहे, उन्हाळ्यातच. समजतं सगळं. मी खोटं बोलते तेही पडल्या पडल्या ऐकतात, आणि मग दाराकडे तोंड करतात. आता घासही गिळवत नाही. डॉक्टर म्हणाले, "भावाला कळवलंय ना?" मी 'हो' म्हणून मान डोलावली.

कळवून करू काय? तिथं कायम राहायचे कागद हातात पडायच्या आत तू तिथून निघालास तर परत आत घेणार नाहीत, हे तूच सांगितलंस. पोरांची शाळा, वहिनीची नोकरी, सगळ्यावर पाणी. तुला 'ये' म्हणायला जीभ रेटत नाही. आणि 'येऊ नकोस' म्हणणारी मी कोण?

परवा वर्गात शिंपीणबाई उभ्या राहिल्या. "टीचर्स फादर हॅज बीन वेटिंग फॉर हिज सन सिन्स समर." सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्या घाबरल्या. "चुकलं का हो, बाई?"

चुकलं काहीच नव्हतं. मी "बरोबर" म्हटलं आणि पाठ फिरवून कोरा फळा पुसत राहिले. शेवटी बेकरीवाल्या काकांनीच सगळ्यांना घरी पाठवलं.

म्हणून हे लिहायला बसले. फोनवर सांगायला गेले तर रडेन, आणि बाबा ऐकतील. वर्गाला खरं सांगायचं आणि सख्ख्या भावाला खोटं, हे आता माझ्याच्यानं होत नाही. पुढे काय करायचं ते मला सुचत नाही. तुलाही सुचणार नाही, माहीत आहे मला.

एवढं मात्र कर. पत्र मिळालं की लगेच फोन कर. मी तो बाबांच्या कानाशी धरीन. इकडून आवाज येणार नाही, तरी बोलत राहा. पोरांचं सांग, तिथल्या हवेचं सांग, काहीही सांग. फक्त 'लवकरच येतो' म्हणू नकोस. खोटं त्यांना लगेच कळतं.

बाबांच्या उशाशी बसलेली,
तुझी मास्तरीण