सहा बटणांचं कार्डिगन

४ नोव्हेंबर

चि. धाकटीस अ. उ. आ.

पोराचं लग्न ठरलं आणि सख्ख्या मावशीला दोन ओळी? असू दे, तुझा हिशेब समोरासमोर चुकता करीन.

त्याला कार्डिगन पाठवलंय. हे म्हणे एका सरदाराचं नाव. आमचे हे शिलाई मशीनवर बसले की सांगायचे, सँडविचही एका सरदाराचंच. पत्त्यांचा डाव सोडवेना, म्हणून जेवण पावात घालून आणा म्हणायचा. मी म्हणायची, तुमच्या नावानं फार तर गार झालेला चहा निघेल.

सहा बटणं आहेत, काजं मुद्दाम घट्ट ठेवलीत. दोन हातांनीही धड लागायची नाहीत. त्याला म्हणावं, होणाऱ्या बायकोला बोलाव मदतीला.

माया आहेच, ती उसवू देऊ नकोस.
तुझी ताई

१३ नोव्हेंबर

ती. ताईस शि. सा. न.

तुला कळवायला मन धजलं नाही, ही माझी चूक. तू पत्र लिहिलंस त्याच्या आदल्याच दिवशी कारखान्यात पत्रा दाबायच्या मशीनमध्ये त्याचा उजवा हात गेला. कोपराच्या वरून काढावा लागला. चार दिवसांपूर्वी घरी आणलं आणि त्याच दिवशी तुझं पार्सल आलं. चिठ्ठी त्यानंच उघडली, माझ्याआधी.

तेव्हापासून खोलीचं दार लावून बसलाय. अंगात नुसता बनियन. सदरा घालायला गेले तर म्हणाला, मला दुसऱ्याच्या हातानं कपडे घालायचे नाहीत. लग्न ठरलेल्या मुलीला निरोप धाडलाय, येऊ नकोस, दुसरीकडे बघ. ती रोज येते, ओट्यापाशी बसते, भाजी निवडून देते आणि जाते.

ताई, तुझा राग नाही. पण आता काय करू, ते तूच सांग.
तुझी धाकटी

२० नोव्हेंबर

चि. धाकटीस अ. उ. आ.

माझ्या जिभेला हाड नाही हे आई सांगून गेली, पण सुयांनाही नाही हे आता कळलं. ते कार्डिगन चुलीत घाल.

दुसरं पाठवतेय. बटण एकही नाही. बाही खांद्याला जोडलेली नाही, गळ्यापासूनच निघते, त्यामुळे बँडेजवरूनही सैल बसेल. हिला रॅग्लन म्हणतात, तेही एक सरदारच. लढाईत त्याचा उजवा हात गेला, त्याच्यासाठी ही तऱ्हा काढली म्हणे. हात कापून नेत होते तेव्हा यानं हाक मारली, थांबा, त्या बोटात बायकोनं दिलेली अंगठी आहे. त्याला एवढं सांग. बाकी उपदेश करू नकोस.

मी उजवा हात पदरात बांधून घालून पाहिलं. दोनदा लोकरीच्या पोत्यावर पडले. लोकरीच्या दुकानात आलेली गिऱ्हाईक बाई आल्या पावली परत गेली. तिसऱ्यांदा जमलं.

चार ओळी तरी लिही, माझे डोळे दाराकडे लागलेत.
तुझी ताई

२ डिसेंबर

ती. ताईस शि. सा. न.

स्वेटर त्यानं दार लावून घातला. अर्धा तास आतून धडपड ऐकू येत होती, मी कडीला हात लावला नाही. बाहेर आला तो उलटा घालून. कोणी हसलं नाही, मग तोच हसला आणि हसता हसता रडला. आता रोज स्वतः घालतो. कामाचं काय, ते अजून कोणी बोलत नाही. रात्री नसलेला हात दुखतो म्हणतो.

अंगठीची गोष्टही सांगितली. जुनं कार्डिगन जाळायला मागितलं तर देईना.

काल मुलगी आली तेव्हा ते अंगात घालून ओट्यापाशी जाऊन उभा राहिला, उजवी बाही तशीच लोंबत. तिनं भाजी बाजूला सारली. काजं खरंच फार घट्ट आहेत गं. चार बटणं लागली. मग तो म्हणाला, उरलेली दोन उद्या.

आज ती सकाळीच आलीय.

तुझी धाकटी