उसना पाना

३ ऑक्टोबर

गाडी बंद पडली! तीही कुठे, तर पुलाच्या बरोब्बर मधोमध, आडवी. आणि दोष कुणाचा? या रोजनिशीच्या मालकाचा.

मोठे साहेब उद्या पाहणीला येणार आहेत. आमच्या शांतिपथकात बंदुकीपेक्षा गाडीच्या पांढऱ्या रंगाला मान जास्त. गाडी लांबून पांढरीशुभ्र दिसली की कुणी गोळी घालत नाही, अशी आमची श्रद्धा! म्हणून मी फर्मान काढलं — आतून-बाहेरून धुवा, इंजिनसुद्धा. ड्रायव्हरमामा म्हणाले, "साहेब, इंजिनवर फवारा नको, वायरिंगमध्ये पाणी जाईल." मी म्हणालो, "मामा, स्वच्छतेनं कधी कुणाचं वाईट झालंय का?"

पुलावर वळवून घेताना गाडी दोनदा खोकली आणि गप्प झाली. चिलखती धूड ते, ढकलून थोडंच हलणार! माझ्या अख्ख्या नोकरीतली ही पहिली लष्करी कारवाई.

४ ऑक्टोबर

मोठे साहेब आलेच नाहीत.

५ ऑक्टोबर

पुलाच्या अलीकडे शाळा आहे. पलीकडच्या गावांतून जीव घेऊन पळालेली कुटुंबं तिथे वर्गावर्गांत राहतात. ज्यांच्या भीतीनं पळाली ती बंदूकवाली टोळी पलीकडेच. आम्ही दोघांच्या मध्ये. म्हणजे कागदावर मध्ये. प्रत्यक्षात बाजूला, वाळूच्या पोत्यांमागे. टोळीचे ट्रक मनाला येईल तेव्हा पूल ओलांडायचे, शाळेभोवती फेरी मारायचे, कधी एखाद्याला उचलून न्यायचे. आम्ही निषेध नोंदवायचो. निषेध नोंदवण्यात आमचा हात कुणी धरणार नाही!

आज शाळेच्या हेडबाई आल्या. त्या वर्गांचा कारभार त्याच बघतात. म्हणाल्या, "गाडी आडवी लावलीत, फार बरं केलंत. ट्रक येईनासे झालेत. पोरं सकाळपर्यंत झोपली." मी गंभीरपणे मान हलवली. जणू महिनाभर नकाशे पसरून ठरवलं होतं! खरं सांगायला जीभ रेटली नाही.

बायकोला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "अहो, इथे स्कूटरवरून कधी फडका फिरवला नाहीत. तिकडे जाऊन इंजिनं धुताय?" मागून लेकीचा आवाज, "बाबा, तुम्ही लढाई करता?" म्हटलं, नाही गं, लढाई होऊ नये म्हणून उभा राहतो. "नुसते उभे?"

नुसता उभा.

७ ऑक्टोबर

चष्मेवाला येऊन गेला. टोळीचा म्होरक्या. आठवड्यातून एकदा पुलावर आमची बोलणी असतात — तो तक्रार करतो, मी तक्रार करतो, चहा होतो. लढाईआधी त्याचं गॅरेज होतं. गाडी दिसल्यावर त्याला राहवेना. चष्मा कपाळावर चढवून बॉनेटमध्ये डोकं घातलं.

"पाणी गेलंय. इंजिन धुतलं? कोण गाढव तो?"

मी मामांकडे पाहिलं. मामांनी माझ्याकडे. हा माणूस डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मीही हसलो, काय करता!

एक नट आमच्या कुठल्याच पान्याला बसेना. त्यानं माणूस पाठवून स्वतःचा पाना मागवला. मुठीशी झिजून गुळगुळीत झालेला. "माझ्या वडलांचा आहे. आठवणीनं परत करा. आणि साहेब, लवकर हलवा हं, आमचा रस्ता अडलाय."

तो गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा मदत का करतोय! आणि तरी माणूस मला आवडतो, ही खरी पंचाईत.

८ ऑक्टोबर

गाडी सुरू झाली. मामांनी खुशीत इंजिन गुरगुरवून दाखवलं. मी ओरडलो, "बंद करा आधी!" मामांनी इंजिन बंद केलं. चावी काढून खिशात टाकली.

वरच्या कचेरीला कळवलं — दुरुस्ती चालू आहे. खोटं बोलताना कान गरम होतात, हा लहानपणापासूनचा रोग. बरं झालं वायरलेसवर कान दिसत नाहीत.

१० ऑक्टोबर

वकीलबाई आल्या होत्या. बळाचा वापर कधी करायचा आणि कधी नाही, हे आम्हाला शिकवणं त्यांचं काम. आधी ओरडून सांगा. मग हवेत गोळी. तरी ऐकलं नाही, तर. "तर"च्या पुढे मी आजवर वहीत काही लिहून घेतलं नव्हतं. जेवायची वेळ व्हायची.

आज मुद्दाम विचारलं, "परवानगी कुणाची घ्यायची?"

"कुणाचीच नाही. लोकांच्या जिवावर बेतलं तर ती तुम्हाला पहिल्या दिवसापासून आहे. ठरवायचं तुम्ही."

पहिल्या दिवसापासून! आणि मी इतके महिने "वरून हुकूम नाही" म्हणत हात वर करत होतो. किती सोयीचं होतं ते. बाईंनी माझं पांघरूणच ओढून नेलं.

१२ ऑक्टोबर

चष्मेवाला पाना न्यायला आला. पाना राहिला बाजूला, बॉनेटवर तळवा ठेवून उभा राहिला. बॅटरी बसू नये म्हणून मामा रोज इंजिन थोडं चालवतात. आजही नुकतंच चालवलं होतं.

"साहेब, हे गरम आहे."

"उन्हानं," मी म्हणालो. आभाळ गच्च भरलेलं होतं.

या खेपेला तो हसला नाही. "मला शिकवताय? परवा सकाळी ट्रक आणतोय. गाडी नसेल तर शाळेत जाणार. असेल तर ढकलून जाणार. तुम्ही गोळी घालणार नाही, मला ठाऊक आहे. तुम्ही भले माणूस आहात."

इतकं लागेल असं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं. पाना द्यायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

वर कुमक मागितली. उत्तर आलं, संयम राखा.

१३ ऑक्टोबर

भीती वाटते. दुसरं काही लिहायला सुचत नाही म्हणून तेच लिहितो. पथकातली पोरं माझ्या तोंडाकडे बघतात, म्हणून शीळ घालत हिंडलो. शीळसुद्धा धड येत नाही मला.

शाळेतल्यांना हलवावं म्हटलं तर न्यायचं कुठे? मागे नुसतं माळरान. हेडबाईंना सगळं सांगून टाकलं. उद्याचंही, आणि गाडी मी आडवी लावली नव्हती, बंद पडली होती, हेही.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या मामांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. आम्ही पोटभर हसलो." मग म्हणाल्या, "पण आज बंद नाही ना? आज तर तुम्हीच लावलीय."

मी हो म्हणालो.

१४ ऑक्टोबर

आले. ओरडून सांगितलं. हवेत गोळ्या झाल्या. पहिला ट्रक थांबला नाही. मी हुकूम दिला. बाकीचे मागे फिरले.

शाळेत सगळे सुखरूप आहेत.

पहिल्या ट्रकमध्ये पुढे तोच बसला होता. मामांनी पाना पुसून माझ्या टेबलावर आणून ठेवलाय. विचारत होते, आता हा द्यायचा कुणाला.