आठ वर्षं कमी

११ मार्च १९४३, ग्रांद-रिव्हिएर

आजही होडी निघाली नाही. समोर इंग्रजांचं डॉमिनिका बेट स्वच्छ दिसतं – पण वारा उलटा. आमच्या मार्टिनिक बेटाचे फ्रेंच साहेबलोक जर्मनांपुढे मान तुकवून बसलेत, म्हणून ज्याला लढायचंय त्याने चोरून पलीकडे जायचं. मला लढायचंय का? ठाऊक नाही. डॉमिनिका बघितलेलं नाही, एवढं खरं.

कॅप्टन लोर्दिनोंना मात्र लढायचंच आहे. वय एकोणपन्नास, डावा पाय आखडलेला. मागच्या महायुद्धात शिपाई म्हणून गेले, दार्दानेल्सला गोळी खाल्ली, व्हर्दांला लेफ्टनंट झाले, शेवटी कॅप्टन होऊन, छातीभर पदकं घेऊन परतले. होडीचा म्हातारा तांडेल फुल्जांस याने त्यांना बजावलं, "होडीत बूट चालणार नाहीत, आणि इथे हुकूम माझा." कॅप्टननी वाकून बूट काढले. मी हुज्जत घातली असती.

१४ मार्च

पोहोचलो! मी तीनदा ओकलो. कॅप्टन भोपळ्याच्या कवटीने पाणी उपसत राहिले.

१५ मार्च, रोझो, डॉमिनिका

स्वतंत्र फ्रेंच सैन्याच्या भरतीच्या कचेरीकडे निघालो – वाटेत कोंबड्यांची झुंज लागली होती, तिथेच रमलो. कचेरीशी पोहोचलो तर कॅप्टन पायरीवर. बेचाळीसच्या पुढचे घेत नाहीत. रांगेत पुढच्याला परत पाठवलेलं ऐकलं आणि नंबर यायच्या आत बाहेर पडले.

१६ मार्च

इथल्या बाजारात मासे विकणारी म्हातारी मान् झेलिया – आमच्याकडे बाईला मान् म्हणतात – कॅप्टनच्या गावची, मार्टिनिकमधल्या सँ-पिएरची. लहानपणी त्यांना हिनेच अंगाखांद्यावर खेळवलेलं. उकडलेला नीरफणस आणि खारा मासा वाढला. युक्तीही तिचीच. १९०२ च्या मे महिन्यात ज्वालामुखीचा डोंगर फुटला तेव्हा सारं गाव जळलं, जन्माच्या नोंदींसकट; बाहेरगावी होते तेवढेच वाचले. तिथल्या माणसाचं वय मग दोन वडीलधारी सांगतील ते. रीतच आहे. तर कॅप्टन जन्मले १९०२ च्या जानेवारीत! आठ वर्षं कमी.

पण मग दार्दानेल्सला ते तेरा वर्षांचे होते म्हणायचं?

"पदकं दाखवलीस तर म्हातारा, लपवलीस तर शिपाई," मान् झेलिया म्हणाली. "लवकर ठरव बाबा, मासे नासतायत माझे."

कॅप्टननी माशाचे काटे काढून पानाच्या कडेला ठेवले आणि म्हणाले, "शिपाई. सुरुवात तिथूनच केली होती."

पदकं, कागद, सगळं फुल्जांसकडे दिलं. घरी बायकोकडे पोहोचवायला.

१८ मार्च

फुल्जांस आणि मान् झेलिया, दोघांनी कॅप्टनच्या वयाची शपथ घेतली. फुल्जांसची पापणी हलली नाही. मान् झेलिया तर कॅप्टनच्या आईच्या बाळंतपणाच्या कळा सांगायला लागली – कारकुनाने घाईघाईने शिक्का मारला! रांगेत आमच्या बेटावरचे तीसेक जण. कॅप्टन कोण, हे सगळ्यांना ठाऊक. एकही बोलला नाही. पाय? आंब्यावरून पडलो, म्हणाले.

मी खरं तर त्रिनिदादला सटकणार होतो. सही करून बसलो.

२ नोव्हेंबर, छावणी

सार्जंट रोज कॅप्टनवर खेकसतो. जुना शिपाई ओळखू येऊ नये म्हणून बंदूक मुद्दाम वाकडी धरतात ना! संध्याकाळी मला नकाशा वाचायला शिकवतात. माझं लक्ष पाखरांकडे गेलं की कानावर टिचकी. "पुन्हा. हा चढ कुठला?" रोज. सुटका नाही.

१० मे १९४४, इटली

यादी लागली. मी सार्जंट. आठ माणसं माझ्या हाताखाली. तिसरं नाव – लोर्दिनो.

उद्या पहाटे पुढे सरकायचं. ते आले, सगळ्यांसमोर टाचा जुळवल्या, सलाम ठोकला.

"मी कुठं उभं राहायचं, सार्जंट?"

मी सांगितलं.