गेट मीटिंगमधला हवालदार

गिंडी, चेन्नई
रविवार

तीर्थस्वरूप उमाकांत दाजींच्या पायांवर डोकं ठेवून मेहुणा राणोजीचा नमस्कार. आमची अक्का ठणठणीत असेल आणि तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल, अशी आशा करतो. आम्ही इकडे मजेत आहोत. आमची लेक ऊर्मी हल्ली घरातही तमिळमध्येच भांडते, त्यामुळे मी हरलो हे मला कळतसुद्धा नाही.

दाजी, दरवर्षी गणपतीत आपला एकच वाद. तुम्ही म्हणायचं, फौजीला चाळिशीत पेन्शन, स्वस्त कँटीन, वर सलाम. मी म्हणायचं, तुम्हा बँकवाल्यांना डोक्यावर पंखा, हक्काच्या सुट्ट्या आणि जरा मनाविरुद्ध झालं की युनियनचा झेंडा. (अक्का म्हणायची, दोघांना सारखाच पगार द्या आणि आता जेवायला बसा.) फौजेतून हवालदार म्हणून सुटून मी एग्मोरच्या एका सरकारी कचेरीत लिपिक झालो, म्हणजे तुमच्याच पंगतीत येऊन बसलो. फौजेचं पेन्शन येतं, इथला पगारही येतो. कचेरीतले म्हणतात, तुझ्या दोन्ही हातांत लाडू. खरंय. पण त्यातल्या फौजेच्या लाडवापायी ऊर्मी चालायला लागली ते मी फोटोत पाहिलं. त्याचं अजून वाईट वाटतं, तुम्हाला म्हणून सांगतो.

तर मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत कचेरीच्या फाटकाबाहेर, रस्त्यावरच, युनियनची गेट मीटिंग होती. मागणी अशी, की फौजींसारखं ठरावीक पेन्शन आम्हा बाबूलोकांनाही हवं. आमचे सेक्रेटरी नारायणस्वामी (तंजावरकडचे मराठी, बोलायला लागले की जुनी बखर उघडल्यासारखं वाटतं) यांचा घसा बसलेला. मला म्हणाले, "माझा कंठ गेला, राणोजी. घोषणा तुम्ही द्याव, सार." आता फौजेत मागणी नसते, विनंतीअर्ज असतो आणि तो मंजूर होईपर्यंत सण उलटून जातो. घोषणा कशी द्यायची ते मला कुठून येणार? गलक्यात कुणी ऐकेना, म्हणून मी सवयीनं "सावधान" ओरडलो. सगळे ताठ. मला बरं वाटलं. तेवढ्यात मागे एक बस अडकून हॉर्न द्यायला लागली. तिला वाट करून द्यावी म्हणून लोकांना तीन रांगांत उभं केलं, "दाहिने मुड" म्हटलं, "तेज चल" म्हटलं. हिंदी किती जणांना कळली देव जाणे, आवाज मात्र सगळ्यांना कळला. उजवीकडे आमच्याच कचेरीचं फाटक होतं. अख्खी युनियन पाय आपटत आत गेली, जिना चढली आणि जो तो आपापल्या खुर्चीत बसून कामाला लागला. सुट्टी अजून निम्मी उरली होती. नारायणस्वामी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत (अर्थात घसाही बसलेलाच होता).

मोठे साहेब खिडकीतून हे पाहत होते. ते खूश. निरोप आला, की पुढच्या आठवड्यात मागणी ऐकून घेतो, पण बोलायला तो हवालदारच पाहिजे. आता सगळ्या कचेरीची भिस्त माझ्यावर. शेजारच्या टेबलावरच्या विमलाबाई एकटीच्या पगारावर घर चालवतात. परवा म्हणाल्या, म्हातारपणी हातात काय पडणार तेवढं नक्की विचारा. मी हो म्हटलं आणि तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

अक्काला नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
राणोजी

ता. क. पत्राचं खरं कारण हे. काल आमच्या सौ.ला, अलकनंदाला, साहेब करून मी तालीम केली. तिनं विचारलं, काही अडचण? मी म्हणालो, "सब ठीक है, साहब", आणि सॅल्यूट ठोकून स्वयंपाकघरात गेलो. तुम्ही जन्मभर बँकेच्या युनियनमध्ये होतात. मागायचं कसं, ते मला शिकवा. उत्तर स्पीड पोस्टानं पाठवा, नाहीतर सरळ गाडीत बसा.

ता. क. २. मागणीचा मसुदा कराल तेव्हा शेवटी एक ओळ फौजेतल्या पोरांसाठी घाला, की त्यांच्याही पहाऱ्याचे तास कुणीतरी मोजा. ते या साहेबांच्या हातात नाही, मला ठाऊक आहे. तरी घाला. त्यांना स्वतः मागता येत नाही, दाजी. मला तर सुटून आल्यावरही येत नाही.