गाडी क्रमांक सात उद्या सोडू नये

प्रति,
मा. उपविभागीय अधिकारी,
उपविभागीय कार्यालय, केलांग.

विषय : प्रवासी गाडी क्र. ७ गुरुवार, दि. ९ फेब्रुवारी २०२३ रोजी रस्त्यावर न आणण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराने मॅनेजर, घाटी प्रवासी वाहतूक सहकारी संस्था यांना दिलेले तीन अर्ज. २) त्या तिन्हींना मिळून आलेले एक उत्तर.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार तोबदन, वडिलांचे नाव नोरबू, वय ५७, सदर संस्थेच्या आगारात वायरमन, सविनय सादर करतो की, तो एकतीस वर्षे गाड्यांच्या विजेचे काम करीत असून वरिष्ठांविरुद्ध त्याने आजवर कागद काळा केलेला नाही. आज नाइलाज आहे.

१) आगारात सात गाड्या आहेत. जानेवारीत थंडीने बॅटऱ्या मान टाकतात. म्हणून बॅटरीची एक चांगली जोडी रात्रभर ऑफिसातल्या शेगडीजवळ, माणसासारखी घोंगडी पांघरून ठेवली जाते. सकाळी ती पहिल्या गाडीला लावायची, इंजिन सुरू झाले की चालू गाडीतूनच सोडवायची आणि दुसरीकडे न्यायची, अशी आमची रीत आहे. "चालत्या गाडीला बॅटरी कशाला हवी? चालत्या माणसाला काठी लागते का?" असे अर्जदाराचे उस्ताद म्हणत. जुन्या गाड्यांनीही कधी तक्रार केली नाही.

२) गाडी क्र. ७ ऑक्टोबरात आली. तिच्यात कॉम्प्युटर आहे; डिझेल किती सोडायचे ते तो ठरवतो. अशा गाडीची बॅटरी चालू इंजिनवर काढली की अल्टरनेटरच्या, म्हणजे इंजिनवर वीज बनवणाऱ्या यंत्राच्या, विजेला जायला जागा उरत नाही आणि चोवीस व्होल्टच्या तारांत क्षणभर शंभराच्या वर व्होल्ट उसळतात. हा झटका अडवणारी एक लहान पेटी मिळते. ती बसवावी, असे अर्जदाराने नोव्हेंबरात तोंडी सुचवले होते. त्यावर मॅनेजर श्री. हुकमचंद म्हणाले, "फ्यूज आहेत ना? मग झोप शांतपणे." महोदय, फ्यूज जळेपर्यंत असला झटका घरात शिरून, चहा पिऊन बाहेर पडलेला असतो.

३) दि. १७ जानेवारी रोजी, म्हणजे हालडा सणाच्या मशाली पेटल्या त्याच्या दुसऱ्या सकाळी, गाडी क्र. ७ सुरू करून तिला लावलेली बॅटरी इंजिन चालू असतानाच काढण्यात आली. समोरचे सगळे दिवे लख्ख पांढरे झाले, व्होल्टचा काटा टोकाला जाऊन परत आला. गाडी चालूच राहिली. जो तो आपापल्या कामाला लागला.

४) त्यानंतर दि. २० रोजी ड्रायव्हर अंगरूप गाडी आणत असता इंजिन आपोआप बंद पडले. दिवे गेले, स्टिअरिंग दगडासारखे जड झाले. चार सेकंदांनी सगळे आपोआप परत आले. दि. २८ रोजी तेच सात सेकंद झाले. दि. ५ फेब्रुवारीला अकरा सेकंद, तेही सपाट रस्त्यावर, म्हणून आज अंगरूप जिवंत आहे. तो अर्जदाराला थोरला भाऊ मानतो; म्हणाला, "आचो, गाडी बंद नाही पडत. ती डोळे मिटते. आणि दर वेळी जास्त वेळ मिटते." कुल्लूच्या वाटेवर गावाजवळच असलेल्या काळ्या कड्याच्या वळणाकडे रोजच्या वेगाने उतरताना बंद पडलेल्या गाडीला काठापर्यंत पोचायला नऊ सेकंद पुरतात; काठाखाली थेट नदी आहे. अर्जदाराने दुसऱ्या गाडीत बसून, घड्याळ लावून हे मोजले आहे.

५) त्या झटक्याने कॉम्प्युटर आतून दुखावला आहे, असे अर्जदाराचे मत आहे; पण गाडी दोष तपासायच्या मशीनला लावली तर मशीन "दोष नाही" असे दाखवते. श्री. हुकमचंद म्हणाले, "तोबदन, गाडी स्वतः सांगतेय मी ठणठणीत आहे. तू काय तिची सासू आहेस?" दोषांच्या वहीत त्यांनी "ड्रायव्हरच्या मनाची दुरुस्ती करावी" असा शेरा मारला, लामाजींच्या हातून स्टिअरिंगला नवा पांढरा खतक, म्हणजे आशीर्वादाचे वस्त्र, बांधून घेतला आणि काम पूर्ण झाल्याची सही केली. संदर्भ क्र. २ चे उत्तर म्हणजे त्या पानाची नक्कल होय. लामाजींच्या आशीर्वादाबद्दल अर्जदाराला शंका नाही. पण खतक तारेत जात नाही.

६) बर्फ हटवून कुल्लूचा रस्ता उद्या एका दिवसासाठी खुला होत आहे. दिवस भरत आलेल्या नऊ बायकांना दरवर्षीप्रमाणे खाली कुल्लूच्या रुग्णालयाजवळ नेऊन ठेवायचे आहे. हीटर फक्त गाडी क्र. ७ मध्ये चालतो, म्हणून तीच नेमली आहे. यादीत सहावे नाव यांगचेन हे अर्जदाराच्या सुनेचे आहे. अर्ज केवळ तिच्यासाठी आहे असे वाटू नये म्हणून हे मागे ठेवले होते. पण खरे सांगायचे तर तिच्यासाठीही आहे. "बाबा, गाडी तुम्हीच बघता ना, मग भीती कसली?" असे म्हणून तिने काल बाळाचे कपडे पिशवीत भरले. तिच्याशी नजर भिडवणे अर्जदाराला जमले नाही.

७) कारण दि. १७ रोजी ती बॅटरी अर्जदाराने स्वतःच्या हाताने काढली. त्याला सगळे ठाऊक होते. पण पाना हातात होता, पुढच्या गाडीचे लोक ओरडत होते आणि हात एकतीस वर्षांच्या सवयीने चालला. तिन्ही अर्जांत त्याने "काढण्यात आली" असे लिहिले. वर कलम ३ मध्येही तसेच लिहिले आहे. ते खोडू नये, हे कलम त्यासोबत वाचावे.

तरी विनंती की, उद्या गाडी क्र. २ सोडावी. ती म्हातारी आहे, थंडगार आहे, पण तिच्यात कॉम्प्युटर नाही आणि ती डोळे मिटत नाही. घोंगड्या अर्जदाराने घरोघर फिरून जमा केल्या आहेत.

आपण अर्ज नामंजूर केला तरी गाडी क्र. ७ उद्या सुरू होणार नाही. त्याचे कारण सोबत जोडले आहे. नवा नग मंडीहून यायला आठ दिवस लागतात. श्री. हुकमचंद चोरीची तक्रार घेऊन येतीलच; ती खरी आहे. अर्जदार आपल्या कार्यालयाच्या पायरीवर बसला आहे, त्याला शोधावे लागणार नाही. मात्र सोबतची वस्तू कोणालाही परत देऊ नये, मशीन काहीही म्हणो.

आपला नम्र व अपराधी,
तोबदन
वायरमन

केलांग, बुधवार, दि. ८ फेब्रुवारी २०२३

सोबत :
१) तीन अर्जांच्या प्रती.
२) दोषांच्या वहीतील पानाची नक्कल.
३) नऊ बायकांची यादी.
४) गाडी क्र. ७ चा कॉम्प्युटर, एक नग, बाळाच्या दुपट्यात गुंडाळलेला. दुपटे यांगचेनला परत करावे.