राणी बांडुंगमध्ये काय काय आहे

४ ऑगस्ट, सोमवार

मंत्रालयाचं पत्र आलं. वेपच्या प्रत्येक द्रवात काय काय आहे ते टक्केवारीसह बाटलीवर छापा, आणि छापलेलं खरं आहे अशी सही एका जबाबदार व्यक्तीने करा. एकतीस तारखेच्या आत. नाहीतर सगळा माल बाजारातून परत.

हानाफीसाहेबांनी पत्र वाचलं, चहा संपवला आणि विचारलं, "जबाबदार कोण आहे आपल्याकडे?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. नऊ वर्षं इथे लेबलं छापतेय, एवढाच माझा गुन्हा.

सुरुवात 'राणी बांडुंग'पासून करायची. बांडुंग म्हणजे दुधात गुलाबाचं सरबत, तसा स्वाद. इथल्या शाह आलमपासून थेट दक्षिण टोकाच्या जोहोरपर्यंत लोक तेच ओढतात. आमच्या घरीही तेच. बद्रुल दिवसाला चाळीस सिगारेटी ओढायचा. डॉक्टरांनी त्याला त्याच्याच फुप्फुसांचा फोटो दाखवला, तर बाहेर येऊन त्याने आधी एक पेटवली. दोन वर्षांपूर्वी ईद झाल्यावर राणी बांडुंग हातात धरलं आणि सिगारेट सुटली ती सुटलीच. नवऱ्याला त्या बाटलीने परत दिलंय मला. म्हणून तिचं लेबल मी मन लावून करणार.

५ ऑगस्ट

उदाकाकांकडे कृती मागितली. सगळी मिश्रणं तेच करतात. वय एकसष्ट, पूर्वी लग्नांत हजार माणसांचं मटणाचं रेंडांग शिजवायचे. आयुष्यात कधी काही मोजलेलं नाही — आणि त्याचा अभिमान!

"लिही. ग्लिसरीन."

किती?

"पुरेसं."

ग्लायकॉल?

"ग्लिसरीनला सोबत होईल इतकं."

गुलाबाचा अर्क?

"तो पुरे म्हणेपर्यंत."

निकोटीन किती म्हटलं, तर उठलेच. "नमाजाची वेळ झाली." सकाळचे साडेनऊ वाजले होते.

६ ऑगस्ट, बुधवार

वजनकाटा घेऊन काकांच्या मागे फिरले. काका ओततात, मी डबा आधी मोजते, नंतर मोजते. "सून आली की स्वयंपाकघरात असंच होतं," असं पुटपुटत होते. निकोटीनच्या वेळी मला बाहेर घालवलं. "तुला त्याचा वास सोसायचा नाही." बरं. तिथे जुन्या लेबलावरचे तीन टक्के धरले. बेरीज बरोबर शंभर. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

७ ऑगस्ट

आज एकशे चार.

८ ऑगस्ट

शहाण्णव. काका म्हणाले, "शुक्रवार आहे, हात आखडतोच."

१२ ऑगस्ट, मंगळवार

मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभरच भरावे लागतात. साहेबांनी तोडगा काढला. "बुधवारचे काका नोंदवून टाका."

"आणि बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस काकांना सांगायचं, आज बुधवार आहे."

गंमत म्हणजे काका लगेच तयार झाले.

१३ ऑगस्ट

सगळं छापलं तर लेबल हातभर होतं. बाटली बोटभर.

१९ ऑगस्ट, मंगळवार

प्रयोगशाळेला पाठवलेल्या नमुन्याचा अहवाल आला. ग्लिसरीन ठीक, ग्लायकॉल ठीक, गुलाबाचा अर्क भरपूर. निकोटीन — आढळले नाही.

फोन केला. तुमचं यंत्र बिघडलंय म्हटलं. तिथल्या बाई चिडल्या. दुसऱ्या पिंपातला नमुना पाठवला.

२१ ऑगस्ट

आढळले नाही.

काकांना उपाहारगृहात गाठलं. नासी लमाकचा नारळभात खात होते. अहवाल त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. सावकाश वाचला, अंड्याचा शेवटचा घास खाल्ला, मग बोलले.

"तीन रमझान झाले बघ. ते निकोटीन उपाशीपोटी हाताळलं की डोकं गरगरायचं. एकदा तर पिंपातच पडत होतो. म्हटलं, रोजे आहेत तोवर राहू दे. ईद झाली की घालू."

"मग?"

"ईद झाली. कुणी काही बोललंच नाही. मग मीपण नाही बोललो."

दर महिन्याला मागवलेलं निकोटीन कुठे गेलं? त्यांनी मागचं कपाट उघडून दाखवलं. सीलबंद डबे, छतापर्यंत, रांगेत लावलेले. वर जाळीचा रुमालही घातला होता.

आधी हसू आलं. मग बद्रुल आठवला. दोन वर्षंच झालीत त्याला वेप धरून. म्हणजे त्याच्या वाट्याला एक थेंबही आलेला नाही! चाळीस सिगारेटी सुटल्या त्या गुलाबसरबताच्या वाफेवर.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

साहेबांना अहवाल दाखवला. वाचता वाचता त्यांचा चेहरा उजळला. "सोपं आहे. आजपासून तीन टक्के घाला. लेबल आपोआप खरं होईल."

कायद्याने बरोबर. बुद्धी गहाण ठेवली तर एकदम बरोबर! घातलं, तर बद्रुलला आता नव्याने व्यसन लागणार. नाही घातलं, तर 'नाही' असं छापावं लागणार, तो वाचणार, आणि त्याचा हात पहिल्यांदा कुठे जाईल ते मला ठाऊक आहे.

साहेबांना सांगितलं, घातलंत तर सही तुमची. त्यांना जबाबदार व्हायचं नव्हतं.

२४ ऑगस्ट, रविवार

बद्रुल वेप घरी विसरून गेला. क्लांग शहरापर्यंत पोचलेली कामाची व्हॅन मागे वळवून आणली. हात थरथरत होते. दोन झुरके घेतले, थांबले. मला म्हणतो, "निकोटीन आहे रोस, चेष्टा नाही. भल्याभल्यांना जमत नाही त्याच्याशिवाय."

मी कांदा चिरायला घेतला. कांद्याची गरज नव्हती.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

सही केली. 'निकोटीन: नाही.' नऊ वर्षांतलं माझं पहिलं खरं लेबल.

मग सहा बाटल्या बाजूला काढल्या, त्यांच्या नव्या लेबलांवर जुनी, तीन टक्केवाली डकवली आणि घरी नेल्या. मी, जबाबदार व्यक्ती. इतकी वर्षं न कळता खोटं चिकटवलं, आता कळून. झोप लागेल की नाही माहीत नाही, पण त्याची फुप्फुसं माझ्या सहीपेक्षा मोठी आहेत.

२ सप्टेंबर

गिऱ्हाइकांचे फोन. नवा माल फारच मिळमिळीत, एकाचं तर डोकं दुखतंय. त्याच पिंपातला माल आहे! काका म्हणाले, "लोक जिभेने थोडंच ओढतात."

बद्रुल मजेत. रोज घाबरून बघते, मजेतच.

४ सप्टेंबर, गुरुवार

त्याची बाटली बेसिनपाशी ओली झाली होती. वरचं लेबल अर्धं सुटलेलं, खाली 'नाही' स्वच्छ दिसत होतं. धावत गोंद आणायला गेले. परत आले तर बद्रुल आधीच उभा होता. बाटली पुसून, वरचं लेबल अंगठ्याने दाबून दाबून सरळ चिकटवत होता. मला पाहिलं. एक झुरका घेतला आणि म्हणाला, "कडक आहे हं."