तिसऱ्या थापेचा फेटा

प्रिय आबा,

तुमच्या दिव्यांच्या फेट्याला खरं काय लागलं, सांगू? पैशाचं सोडा. पाण्याचा एक अख्खा टँकर लागला.

उद्या गावची जत्रा. तुमच्या जागी माझा पुतण्या गणपा ढोल वाजवणार. "काका, आज्याचा फेटा मीच घालणार," म्हणाला, म्हणून आज तो पेटीतून काढला. मग तुमच्याशी बोलल्याशिवाय राहवेना.

दुष्काळात मेंढरं विकून तुम्ही शहरात, गारखेड्याला माझ्याकडं आलात. संगं फक्त आई आणि ढोल. मी नाचणाऱ्या पोरांचे लुकलुकते मुकुट, पट्टे बनवून या शहरात उभा राहिलेला माणूस. म्हटलं, ढोलाच्या थापेवर पेटणारा फेटा आबांना करून देऊ! पदराखाली दिव्यांची पट्टी, कमरेला बॅटरी, कानापाशी बोटाच्या पेराएवढी चिप. कोणता आवाज ऐकायचा, ते तिला कॉम्प्युटरवरून शिकवायचं.

"मेंढरं माझ्या शिट्टीवर वळायची. दिवेबी वळतेत व्हय रं?" तुम्ही विचारलंत.

"न वळून जातेत कुठं? वाजवणारा कुणीबी असू द्या, पेटणार! तिला कान कुणी दिलेत?"

पण फेटा तर रिक्षाच्या हॉर्नवरही पेटायचा. किती हसलात तुम्ही! मग मी नीट ऐकलं. दोन थापा मारून तुम्ही जरासं थांबायचात, मग तिसरी. का, तर म्हणे, "मागचं कोकरू येऊ दे की." तेच थांबणं मी चिपला शिकवलं. त्या नादात खाली टँकर येऊन, हॉर्न वाजवून गेला, आपल्या दोघांनाही पत्ता नाही. आई रिकामी घागर घेऊन दारात उभी: "एक बहिरा परवडला असता, दोन कुठं ठिवू?"

त्या दिवशी बरोबर तुमच्या तिसऱ्या थापेला फेटा पेटला. आणि तुम्ही लगेच काढून ठेवलात! "जत्रंलाच घालीन." का हो आबा? एकदा गच्चीवर तरी नाचायचं होतं. जत्रेच्या आधीच गेलात.

गणपाची थाप पळती, तिसरीआधी थांबत नाही. आज त्याच्या ढोलावर फेटा काळाच राहिला. "काका, प्रोग्राम बदला ना, लई सोपंय." सोपंय खरं. पण तुमचं ते थांबणं आता दुसरीकडं कुठं उरलंय?

शब्द देतो आबा, ते पुसणार नाही. उद्या फेटा तुमच्या ढोलावर ठेवीन, विझलेलाच.

आज गणपा गेल्यावर फेटा डोक्यावर ठेवून तुमचा ढोल मी घेतला. दोन थापा मारल्या, थांबलो, तिसरी मारली. पुन्हा पुन्हा मारली. फेटा माझ्याही हाताला पेटला नाही.

तुमचा,
नामा